बोर्ड म्हणजे फळा, मंडळ की जेवण?

अनुवादवाली: मंडळी, एका परदेशी कॉलेजचं माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात 'रूम अँड बोर्ड'चा खर्च वेगळा दिलाय. मी 'राहणं-जेवण' केलं तर क्लायंटने खोडून 'खोली व फळा' केलं, वर मलाच विचारतो बोर्डमध्ये जेवण कुठून आलं. त्याला काय सांगू? आणि एका शब्दात काही सुचतंय का?

सातारी_कंदी: कुठून आलं म्हणजे? मग बोर्डिंग काय फळ्यांचं असतं का! शाहू महाराजांनी 1901 ला कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, साताऱ्यात 1924 ला कर्मवीर अण्णांनी. आमचे आजोबा गावाकडच्या एका बोर्डिंगात होते, ते शिकवलेलं काही सांगायचे नाहीत, भाकरी थापायची पाळी कुणाची होती तेवढंच.

निवांत: मुळात फळीच ती. इंग्लंडात पूर्वी घोड्यांवर (सुताराच्या हो) फळ्या टाकून जेवायला बसायचे, उठले की फळ्या भिंतीला. मग त्यावरचं जेवणही बोर्ड झालं आणि भोवती बसून खलबतं करणारेही बोर्ड. आपण नाही का 'किती पानं झाली' विचारतो, केळीची पानं कोण मोजतंय.

शुद्धमती: सरळ मंडळ म्हणा ना, चांगला शब्द आहे.

सातारी_कंदी: 'पोरगा मंडळात पहिला आला' सांगून बघा, लोक विचारतील कुठल्या गणपतीच्या?

चहाबाज: कप ठेवायची फळी ती कपबोर्ड, त्यावरूनच आपलं कपाट. आमच्या सरांनी सांगितलेलं.

निवांत: सरांना नमस्कार सांगा 😀 कपाट संस्कृत आहे, अर्थ दार. केदारनाथचे कपाट उघडले ही बातमी दरवर्षी येते. आपलं कवाड त्यातलंच.

चहाबाज: मग दाराचं कपाट झालं कसं? आणि इंग्रजांच्या कपबोर्डलाही दार असतंच की.

निवांत: ते नंतर लागलं, आधी ती कप मांडायची उघडी फळीच.

कोकणकन्या: आमची आजी भिंतीतल्याला फडताळ म्हणायची, कपाट म्हणजे फक्त लोखंडी, त्याची चावी तिच्या कनवटीला.

अनुवादवाली: अहो मला सहापर्यंत फाईल द्यायचीय!

शुद्धमती: फाईल नव्हे, धारिका.

चहाबाज: फडताळाला दार असतं का पण?

कोकणकन्या: आमच्याकडे होतं. कडी वर लावलेली, आमचा हात पोचू नये म्हणून.