आमची कुत्री चिंगी हीटवर (माजावर) आली, कुत्रा राजा घरातच आहे – आधी कोणाचं ऑपरेशन?

प्रेषक: बजाजनगर (सध्या मेलबर्न)
सोमवार, रात्री ११.१०

मंडळी, घाईत लिहितो आहे. नागपूरहून आईचा आत्ताच फोन येऊन गेला. "चिंगी सकाळपासून फरशीवर लाल ठिपके टाकून राहिली अन् राजा तिच्या मागंमागंच फिरून राहिला." महालक्ष्म्यांना जे घरी जेवायला होते त्यांनी दोघांना पाहिलंच आहे. राजा आता ११ महिन्यांचा, ३१ किलोचा लॅब्रॅडॉर. चिंगी देशी, ८ महिन्यांची, १४ किलो.

नसबंदी दोघांचीही करायची हे आधीच ठरलंय. मी १४ डिसेंबरला पोचतो, ८ जानेवारीला परत निघतो. त्या दिवसांत दोघांचं एकदमच उरकायचं, असा बेत होता. आता काय करू? राजाचं उद्याच करून घेतलं तर प्रश्न सुटेल का? घराजवळच्या एका दवाखान्यात बाबा विचारून आले, तर "हीट बंद व्हायचं इंजेक्शन देऊन टाकू" म्हणाले. देऊ का? आई ६९ वर्षांची, गुडघे दुखतात. बाबांना ऐकू कमी येतं. आज रात्री आईनं चिंगीला स्वतःच्या खोलीत घेतलंय अन् राजा दाराला पंजे मारून राहिलाय. लवकर सांगा.

---

प्रेषक: धरमपेठच्या काकू
सोमवार, रात्री ११.३५

अरे बाळा, आधी राजाला घराबाहेर हलव, मग बाकीचं बोलू. दार लावून काही होत नाही. आमच्याकडे सख्खे बहीणभाऊ होते, एकाच वेतातले. "भाऊच आहे, काय होणार" असं आमचे हे म्हणत राहिले. कुत्र्यांना बहीणभाऊ कळत नाही. ती मागच्या अंगणात, तो पुढच्या व्हरांड्यात, मधे चॅनल गेटला कुलूप. दुपारी मी कूलरमध्ये पाणी भरायला गेले अन् पाहते तर त्या गेटच्या पट्ट्यांमधूनच दोघं जुळून अडकलेले. ओढून वेगळं करता येत नाही, दोघांनाही इजा होते. वीस मिनिटं मी तिचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसून होते. ६२ दिवसांनी पाच पिल्लं. त्यातलं एकच जगलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून सांगते, एका घरात दोन दारं पुरत नाहीत. आईच्या हातून एखादं दार उघडं राहणारच, माणूस आहे.

---

प्रेषक: महालचे काकाजी
मंगळवार, सकाळी ६.५०

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. मादीला एकदा तरी आई होऊ द्यावं. आमच्या वाड्यात चार पिढ्या कुत्री होती, कोणाचं काही कापलं नाही. एकदा व्याली की मादी शांत होते, अंगानं भरते. पिल्लं मी माझ्या लोकांत वाटून देईन, शब्द देतो. अन् नराचं तर करायचं काहूनच? अन् करायचंच असेल तर महापालिकेची गाडी फिरते ना, तीच नेईल, पैसे कशाला घालायचे?

---

प्रेषक: डॉक्टरकाका
मंगळवार, सकाळी ८.०५

काकाजींचा मान राखून सांगतो, यात तथ्य नाही. एक वेत झाल्यानं मादीच्या तब्येतीला फायदा होतो असं कुठेच दिसलेलं नाही. सेमिनरी हिल्सच्या आपल्या व्हेटर्नरी कॉलेजात (१९५८ चं कॉलेज, मी तिथलाच) आम्हाला हेच शिकवलं अन् पुढे ३५ वर्षं मी हेच पाहिलं. चिंगी स्वतःच अजून पिल्लू आहे. आठ महिन्यांच्या, १४ किलोच्या मादीला ३१ किलोच्या लॅब्रॅडॉरची पिल्लं म्हणजे अडलेलं बाळंतपण अन् सिझेरियन होऊ शकतं. ते आईबाबांच्या वयात कोण निस्तरणार?

आता मुद्द्याचं.

राजाचं उद्या केलं तरी ही हीट सुटत नाही. वृषण काढले तरी नळ्यांमध्ये शुक्राणू काही आठवडे जिवंत असतात. चार ते सहा आठवडे त्याला नर समजूनच वागायचं. शिवाय ऑपरेशन झालेला नरसुद्धा चढतो, अडकतोही. ताजे टाके असताना ते झालं तर जखम उघडेल.

चिंगीचं आत्ता करायचं नाही. हीटमध्ये गर्भाशयाच्या शिरा रक्तानं भरलेल्या असतात, ऊतक नाजूक असतं, रक्तस्राव जास्त होतो. हीट संपल्यावर दोन ते तीन महिने थांबायचं. लगेच महिन्याभरात केलं तर खोटं गर्भारपण मागे लागू शकतं: स्तनांत दूध, खेळणी गोळा करून त्यांच्यावर बसणं, चिडचिड.

ते इंजेक्शन अजिबात द्यायचं नाही. हीट थांबवणारी हार्मोन्स गर्भाशयात पू होण्याला आमंत्रण आहेत. "चुकून लागली तर" म्हणून इस्ट्रोजेनचं जे देतात, त्यानं अस्थिमज्जेवरही घाला पडू शकतो. बाबांना आजच सांग.

अन् थेंब दिसले त्या दिवसापासून मोजू नकोस. देशी माद्या फार स्वच्छ, चाटून साफ करतात, घरच्यांना दोन-चार दिवस पत्ता लागत नाही. खरा धोका रक्त फिकं पडायला लागलं की सुरू होतो. लाल पाणी गुलाबी होतं, मग पिवळसर. पाठीवर हात ठेवला की ती शेपूट बाजूला वळवून उभी राहते. लोकांना वाटतं रक्त थांबलं, संपलं, अन् नेमकं तेव्हाच दार उघडतात. २१ दिवस पुस्तकात असतात, तू २८ धर.

---

प्रेषक: मनीषनगर (मार्चपर्यंत नागपुरातच)
मंगळवार, सकाळी ९.२०

डॉक्टरकाकांशी बहुतेक सहमत, पण राजाच्या बाबतीत तुम्ही नेहमी "मोठ्या जातीच्या नराला दीड वर्षापर्यंत हात लावू नका" म्हणता, ते इथे लागू करू नका अशी विनंती. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाचा २०२० चा अभ्यास ३५ जातींचा आहे. त्यात लॅब्रॅडॉर नराला सहा महिन्यांनंतर अन् मादीला अकरा महिन्यांनंतर असं सुचवलंय. त्याआधी केलं तर सांध्यांचे आजार वाढलेले दिसले. जर्मन शेफर्ड असता तर मीही दोन वर्षं थांबा म्हटलं असतं. राजा अकराचा आहे. ज्या घरात मादी आहे तिथे नुसतं हाडांच्या वाढीचं पाहून कसं चालेल? अन् चिंगी २० किलोच्या खालची आहे, त्या वजनात सांध्यांची काळजी फारशी उरत नाही.

काकाजी, महापालिकेची मोहीम रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याच्या नसबंदीची जबाबदारी मालकावरच आहे. अन् नसबंदीची खूण म्हणून कान कापलेली चिंगी परत कुठे सोडतील, सांगता येत नाही.

पण चिंगीचं पुढे ढकलत नेऊ नका, हे जीव तोडून सांगते. आमची सोनी सात वर्षांची होती, "करू, करू" म्हणत राहिलो. हीट होऊन महिनाभर झाला होता. दोन दिवस ती नुसती पाणी पीत होती, वाटी भरली की रिकामी. मला वाटलं उन्हाळा आहे, नागपूरचा मे. तिसऱ्या दिवशी उठलीच नाही. पोट तटतटलेलं, गर्भाशयात पू. रात्री अकराला ऑपरेशन झालं, वाचली, पण मूत्रपिंडं गेली अन् आठ महिन्यांत ती गेली. पाण्याची वाटी मी तीन वेळा स्वतः भरली होती, तेव्हा माझ्या डोक्यात का आलं नाही, हे मला अजून समजत नाही.

---

प्रेषक: सचिव
मंगळवार, सकाळी ९.४५

नम्र सूचना: ही मेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. संक्रांतीच्या हॉलचं भाडं शुक्रवारपर्यंत भरायचंय, त्या मेलला अजून चारच उत्तरं आहेत. तिळगुळाचे वाण कोण आणणार, तेही ठरलेलं नाही. कुत्र्यांची चर्चा वेगळ्या धाग्यावर, विषयाआधी "इतर" लिहून करावी, असं आपण गेल्या वार्षिक सभेत ठरवलं होतं.

---

प्रेषक: धरमपेठच्या काकू
मंगळवार, सकाळी १०.००

सचिवसाहेब, हॉलचे पैसे मी आजच पाठवते, अन् वाण मी आणते, नोंद घ्या. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या जाऊबाईंना रामदासपेठेत रात्री दोनला रक्त हवं होतं, तेव्हा याच यादीवर लिहिलं अन् अर्ध्या तासात तीन जण पोचले. तेव्हा कोणी विषयाआधी "इतर" लिहायला सांगितलं नाही. ज्याचे आईवडील तिकडे एकटे आहेत, त्याला मध्यरात्री विचारायला हीच जागा आहे.

---

प्रेषक: सचिव
मंगळवार, सकाळी १०.१२

काकू, समजलं. धागा इथेच चालू द्या.

---

प्रेषक: त्रिमूर्तीनगर
मंगळवार, सकाळी ११.३०

नंतरच्या खाण्याचंही आत्ताच ठरवा. लॅब्रॅडॉर तसाही खादाड, ऑपरेशननंतर भूक वाढते अन् गरज कमी होते. आमच्या डॉक्टरांनी वाटी पाऊण करायला सांगितली होती. आम्ही ऐकलं नाही, कारण घरात प्रत्येक जण वेगळा घालायचा. सकाळी वडील पोह्यातला अर्धा वाटा, आई दुपारी पोळीचा तुकडा, संध्याकाळी मुलं बिस्किट. वर्षभरात आमचा कुत्रा ३२ चा ४१ किलो झाला, मागचे पाय उचलायला त्रास व्हायला लागला. फ्रिजवर एक कागद लावा, ज्यानं घातलं त्यानं लिहायचं. बाबांना ऐकू कमी येत असेल तर कागदच बरा.

---

प्रेषक: डॉक्टरकाका
मंगळवार, दुपारी १.००

मनीषनगरच्या ताईंचं राजाबद्दलचं म्हणणं मान्य. एकटा नर असता तर मी दीड वर्षापर्यंत थांबवलाच असता. दोघं एका छताखाली आहेत म्हणून डिसेंबरमध्ये करा. सोनीचं वाचून वाईट वाटलं. ताई, हीटनंतर चार ते आठ आठवड्यांत खूप पाणी पिणं हे त्या आजाराचं ठळक लक्षण आहे, पण मे महिन्यात नागपुरात प्रत्येक कुत्रं खूप पाणी पितं. तिथे अनुभवी माणूसही चुकतो.

चिंगीबद्दल एक भर. स्तनांच्या गाठींचे जुने आकडे १९६९ चे आहेत: पहिल्या हीटच्या आधी केलं तर न केलेल्या मादीच्या तुलनेत धोका अर्धा टक्का, पहिलीनंतर ८, दुसरीनंतर २६. पुढे या आकड्यांच्या भक्कमपणावर शंका घेतली गेली, म्हणून मी ते कोणाच्या तोंडावर फेकत नाही. पण दिशा तीच आहे. पहिली संधी गेली, दुसऱ्या हीटच्या आधी करा. ती साधारण मेमध्ये येईल. म्हणजे फेब्रुवारी. थंडी असते, जखम चिघळत नाही.

---

प्रेषक: महालचे काकाजी
मंगळवार, दुपारी ३.२०

काकूंची पाच पिल्लं अन् ताईंची सोनी, दोन्ही वाचलं. मी माझं म्हणणं मागे घेतो. घरात कोणाला असं पाहायला लागू नये.

राजाची सोय मी करतो. धाकट्या भावाची काटोल रोडवर संत्र्याची बाग आहे, माणूस चोवीस तास असतो. राजाला २८ दिवस तिथे ठेवू. आज संध्याकाळी गाडी पाठवू का?

---

प्रेषक: डॉक्टरकाका
मंगळवार, दुपारी ३.३५

उत्तम. पण बागेत मोकळा सोडू नका. आजूबाजूच्या मोकाट माद्यांशी जुळला तर जननेंद्रियांची संसर्गजन्य गाठ घेऊन परत येईल. ती जुळण्यातूनच पसरते, आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांत नेहमी दिसते. विन्क्रिस्टीन या औषधानं बरी होते, पण आठवड्याला एक इंजेक्शन, चार-सहा आठवडे. लांब दोरीनं बांधा, दोन वेळा फिरवा. अन् चिंगीला अंबाझरी तलावाकडे फिरायला नेऊ नका, सगळी गल्ली मागे येईल. गच्चीवरच उरका.

---

प्रेषक: बजाजनगर (सध्या मेलबर्न)
गुरुवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी काकाजींची गाडी आली. राजा चढायला तयार नव्हता, दात वाजवत मान मागे वळवून खोलीच्या दाराकडेच पाहत होता. बाबा शेजारी बसून थेट बागेपर्यंत गेले. पहिल्या रात्री तो रडला, काही खाल्लं नाही. आज सकाळी भाकरी-दूध संपवलं, असा बागेतून फोन आला. बाबांनी त्याची जुनी चादर तिथे ठेवलीय.

इंजेक्शन दिलं नाही. दवाखान्यात बाबांनी स्पष्ट नाही म्हटलं.

ठरलं ते असं: राजा ९ डिसेंबरपर्यंत बागेत. आणायच्या आधी आई चिंगीची हीटमुळे आलेली योनीची सूज पूर्ण उतरली का ते पाहील अन् फोटो मनीषनगरच्या ताईंना पाठवेल. १७ डिसेंबरला राजाचं ऑपरेशन, टाके निघेपर्यंत मी घरीच आहे. चिंगीचं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा मी मेलबर्नला असेन. ताईंनी तो सगळा दिवस दिलाय. आदल्या रात्री दहानंतर तिला काही खायला द्यायचं नाही, हे आईनं कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय, खाण्याच्या कागदाच्या शेजारी.

एकच राहिलं. चिंगीनं टाके चाटू नयेत म्हणून मऊ कापडी गळपट्टी हवी, प्लॅस्टिकची कॉलर तिला भीती घालते. माझ्या परतीनंतर जानेवारीत नागपूरला कोण जातंय? मापं मी पाठवतो. गळा ३४ सेंटिमीटर, आईनं आज संध्याकाळी दोऱ्यानं मोजला.

---

प्रेषक: सचिव
गुरुवार, रात्री १०.३०

मी २० जानेवारीला जातोय. घेऊन ये माझ्याकडे, नेतो.