पायलट म्हणजे तुमच्याकडे कोण?

गोव्यात पायलट म्हटलं की विमान सगळ्यात शेवटी आठवतं. आधी आठवतो तो पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभा असलेला, भाडं घेऊन मागे बसवून नेणारा माणूस. पण बंदरात, रेल्वेत, हॉटेलच्या किचनमध्ये हाच शब्द वेगवेगळ्या कामाला जुंपलेला आहे असं दिसलं म्हणून हा धागा. तुमच्या कामात पायलट कोण किंवा काय, ते लिहा. लग्नाच्या स्थळाचा जोक (मुलगा पायलट म्हणून होकार दिला, निघाला मोटरसायकलवाला) सगळ्यांना पाठ आहे, तो कृपया नको.

म्हापसा:
माझे बाबा पायलट, मोटरसायकलवाले. शुक्रवारच्या बाजाराला त्यांची खरी धावपळ, मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर केळ्यांचा घड, हँडलला दोन पिशव्या, आणि वर ती म्हणणार सावकाश चालव रे बाबा. स्टँडवर नंबर असतो, मधेच कुणी घुसलं की भांडण. भाडं बसायच्या आधी ठरवायचं हे बाहेरच्यांना कळत नाही आणि उतरल्यावर वाद घालतात. आता टुरिस्ट लोक स्कूटरच भाड्याने घेतात, पण गावातली म्हातारी माणसं अजून बाबांनाच फोन करतात, डॉक्टरकडे सोड म्हणून.

वास्को:
मुरगाव बंदरात टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर होतो. मूळचा पायलट आमचा, विमानं यायच्या कित्येक शतकं आधीपासून जहाजांना पायलट आहेत. बाहेरून आलेला कॅप्टन कितीही मुरलेला असला तरी इथला गाळ, भरती-ओहोटी, ब्रेकवॉटरचं (लाटा अडवणाऱ्या बांधाचं) वळण त्याला रोजचं नसतं, म्हणून इथला पायलट लाँचमधून जातो. लाँच जहाजाला चिकटून चालते, वरून लाकडी पायऱ्यांची दोरशिडी सोडलेली असते, आणि लाँच लाटेवर पूर्ण वर आली की नेमकी तेव्हाच शिडी धरून चढायचं, लाँच खाली असताना धरली तर ती पुढच्या लाटेबरोबर वर येऊन पाय चिरडते. चढण 9 मीटरच्या वर असली तर नुसती दोरशिडी चालत नाही, जहाजाचा जिनाही बाजूला तिरका सोडून दोन्ही जोडीने वापरावे लागतात. पायलट वर पोचला की अर्धा पांढरा अर्धा लाल बावटा चढतो, रात्री वर पांढरा दिवा आणि खाली लाल. आणि एवढं करून सुकाणूला तो हात लावत नाही, नुसतं सांगतो, जहाजाची जबाबदारी कॅप्टनचीच राहते. जूनच्या समुद्रात हे एकदा बघा, विमानवाल्यांचं कौतुक थोडं कमी होईल.

कुळे:
रेल्वेत आता ड्रायव्हर म्हणत नाहीत, लोको पायलट. भाऊ मालगाडीवर आहे. कुळ्याहून कॅसलरॉकला चढताना घाटात 37 ला 1 चढ, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की गाडी 1 मीटर वर. त्यासाठी मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, त्यामुळे एकाच गाडीला पुढे पण पायलट आणि मागे पण पायलट. सिग्नल दिसला की तो आणि असिस्टंट दोघांनी मोठ्याने बोलून दाखवायचा असतो. सुट्टीत पणजीला गेलो तरी मागच्या सीटवरून ओरडतो, वहिनी वैतागते.

कळंगुट:
किचनमध्ये पायलट म्हणजे बर्नरजवळची बारकी ज्योत, ती दिवसभर पेटती ठेवायची, ऑर्डर आली की नॉब फिरवला की बर्नर लगेच धरतो. फॅनच्या वाऱ्याने विझली तर आधी गॅस बंद करा, वास जाऊ द्या, मग लायटर. नवीन पोराला पहिल्याच दिवशी 'पायलट बघ रे' सांगितलं तर तो रस्त्यावर जाऊन बघून आला, म्हणतो एकच उभा आहे, बोलावू का?

फोंडा:
सुतारकाम. स्क्रू मारायच्या आधी बारीक ड्रिलने पायलट होल पाडायचं, नाहीतर फळीच्या टोकाला लाकूड फुटतं. एवढंच.

डिचोली:
आमच्याकडे पायलट बेसिस म्हणजे उद्घाटनाचा फोटो. वाड्यावर ओल्या-सुक्या कचऱ्याची योजना पायलट बेसिसवर, म्हणजे आधी करून बघायला आली, डबे आले, गाडी काही आली नाही. एका डब्यात शेजारणीने अळू लावलंय, मस्त वाढलंय.

पेडणे:
मोपा विमानतळावरून 5 जानेवारी 2023 ला विमानं सुरू झाली, तेव्हापासून आमच्या तालुक्यात विचारावं लागतं, पायलट म्हणजे उडणारा की दोन चाकांवाला. शेजारच्या पोराने पायलटची नोकरी लागली म्हणून पेढे वाटले. जोक नाही हां, खरं सांगतोय, मंत्र्यांच्या ताफ्यापुढे सायरन वाजवत जाणारी पायलट गाडी चालवतो तो. आईने त्याला लगेच विचारलं, दिल्लीचं तिकीट स्वस्तात मिळेल काय रे?