नामांकित वडिलांच्या पत्राला महाविद्यालयाने काय उत्तर द्यावे?

गोदाकाठ (प्रश्न):
मी मराठवाड्यातील एका कृषी महाविद्यालयात सहयोगी अधिष्ठाता व प्राचार्य या पदाचे काम पाहते. आमच्याकडे दोघे सख्खे भाऊ शिकत आहेत. त्यांचे वडील जिल्ह्यात सर्वांना माहीत असलेले गृहस्थ असून साखर कारखाना, पतसंस्था आणि जिल्हा परिषद या तिन्ही ठिकाणी त्यांचा शब्द चालतो. महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावरील विहीर त्यांच्या देणगीतून झाली, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या दिवसांत, आमच्या वसतिगृहाला त्यांनीच टँकर पुरवले. हे मी विसरलेले नाही आणि विसरू इच्छितही नाही.

थोरला सातव्या सत्रात आहे. 'कृषिदूत' म्हणून त्याला नेमून दिलेल्या गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करायचे, बीजप्रक्रिया व निंबोळी अर्काची प्रात्यक्षिके दाखवायची आणि रोजची नोंदवही ठेवायची, असा तो कार्यक्रम आहे. त्याच्या नोंदवहीत सलग पाच आठवड्यांवर शेतकऱ्याची सही नाही, कारण त्या काळात तो वडिलांच्या दौऱ्यांत होता. धाकटा तिसऱ्या सत्रात असून त्याची हजेरी ५८ टक्के आहे, आणि नियमाने ७५ टक्के लागते. मागच्या सत्रात तो मृदाशास्त्र आणि संख्याशास्त्र या दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला.

गेल्या आठवड्यात वडिलांचे पत्र आले. दोघांनाही सांभाळून घ्यावे, काही कमी-जास्त असल्यास थेट आपल्याला कळवावे आणि मुलांना काही बोलू नये, असा त्याचा आशय आहे. मी गोंधळले आहे ती या शेवटच्या वाक्याने. पत्राला उत्तर तर दिलेच पाहिजे. पण ते कोणत्या शब्दांत द्यावे, आणि मुलांना वगळून त्यांच्या अभ्यासाविषयी वडिलांशी पत्रव्यवहार करणे योग्य आहे काय, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मांजरा-खोरे:
मॅडम, मी निवृत्त प्राचार्य आहे आणि अशी पत्रे मी बरीच लिहिली. पहिली गोष्ट म्हणजे आभार आणि अभ्यास एका पत्रात येऊ देऊ नका. विहिरीबद्दल आणि टँकरबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची असेल तर स्वतंत्र पत्र लिहा, तेही निकालाची धामधूम संपल्यावर. कारण एकाच कागदावर वर देणगीचा उल्लेख आणि खाली हजेरीची टक्केवारी आली, की वाचणाऱ्याला त्या दोहोंत आपोआप देवघेव दिसू लागते, तुमच्या मनात तसे काही नसले तरीही.

दुसरे म्हणजे मायन्यात त्यांची पदे लिहू नका. 'चि. अमुक यांचे पालक' एवढाच उल्लेख पुरेसा आहे, कारण आपल्या महाविद्यालयाशी त्यांचे या बाबतीत तेवढेच नाते आहे. आदरात मात्र कसूर नको. हजेरीपटातील आकडा, अनुत्तीर्ण विषयांची नावे, सही नसलेल्या आठवड्यांच्या तारखा आणि नियम काय सांगतो, एवढेच क्रमाने लिहावे. 'आपल्या चिरंजीवाचे लक्ष नाही' असे लिहू नये, कारण लक्ष आहे की नाही हे आपण पाहिलेले नसते, आपण हजेरी पाहिलेली असते. पत्राला जावक क्रमांक द्या, आणि दूरध्वनीवर काही ठरले तरी ते त्याच दिवशी लिहून पाठवा.

आणखी एक सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांची शाळा सुटली आणि जे खडी फोडायला गेले, असे अनेक पालक माझ्यासमोर बसले आहेत. मुलाची पदवी कशीही पदरात पडावी, ही त्यांची आस मी जवळून पाहिली. तुमच्या पालकांचे वय मला ठाऊक नाही, पण 'सांभाळून घ्या' या शब्दांमागे नेहमी दबावच असतो असे धरून चालू नका. पुष्कळदा त्यामागे भीती असते.

बालाघाट:
मी बीड जिल्ह्यातला, आणि अशाच एका वडिलांचा मुलगा आहे. कॉलेजात असताना आमच्या सरांनी माझ्या वडिलांना लिहिलेले पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मला वाचायला दिले आणि यात काही चुकीचे आहे का, असे विचारले. त्यात एका चाचणीची तारीख चुकलेली होती, ती मी दुरुस्त केली. बाकी सारे खरे होते. ते पत्र घरी पोहोचले तेव्हा वडिलांनी विचारण्यापूर्वीच मी काय झाले ते सांगू शकलो, कारण मला ते आधीच माहीत होते. सरांनी माझ्या पाठीमागे लिहिले असते, तर मी खोटे बोललो असतो, हे मी आज नि:संकोचपणे सांगतो.

म्हणून मुलांना आधी बोलवा. दोघेही अठरा वर्षांवरील आहेत. कायद्याने सज्ञान असलेल्या माणसाच्या अभ्यासाची चर्चा त्याला न कळवता करणे मला तरी पटत नाही. आणि कृपा करून दोन भावांना एका पत्रात बसवू नका. दोन वेगळी पत्रे, दोन वेगळी पाकिटे. एकाच पत्रात दोघे आले की घरात थोरल्या-धाकट्याची तुलना सुरू होते आणि ती पुढे वर्षानुवर्षे चालते. आमच्या घरी ती झाली आहे.

जुनी-पाने:
या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे एक उदाहरण आठवते. थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष असताना त्यांचा थोरला मुलगा टेड १९०५ मध्ये हार्वर्डला दाखल झाला आणि त्याच्यामागे केर्मिट. टेडच्या मागे वार्ताहर आणि छायाचित्रकार लागत, आणि अभ्यासातही तो सुरुवातीला मागे पडला. वडील देशाचे अध्यक्ष, स्वतः त्याच कॉलेजचे १८८० चे पदवीधर, तरी गुण मुलालाच मिळवावे लागले. केर्मिट १९०९ मध्ये वडिलांबरोबर आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला, परत येऊन पुन्हा अभ्यासाला बसला आणि १९१२ मध्ये पदवीधर झाला. मॅडमच्या थोरल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. वडिलांबरोबर फिरण्यातही मुलगा काही शिकतो हे मान्य करावे, पण ते शिक्षण नोंदवहीतल्या सहीची जागा घेऊ शकत नाही. गेलेला काळ परत येऊन भरून काढावा लागतो.

गोदाकाठ:
सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल दोघांना वेगवेगळे बोलावले आणि आपापले पत्र वाचायला दिले. धाकट्याने हजेरीचा आकडा मान्य केला. संख्याशास्त्र पहिल्या महिन्यातच सुटले आणि नंतर वर्गात बसण्याची लाज वाटू लागली, असे त्याने सांगितले. हे मला त्याच्या वडिलांकडून कधीच कळले नसते. त्या विषयाच्या शिक्षकांनी त्याला आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी वेळ देण्याचे कबूल केले आहे.

थोरला बराच वेळ गप्प होता. नंतर, त्या शेतकऱ्यासमोर पुन्हा उभे राहणे अवघड वाटते, तेव्हा दुसरे गाव द्यावे, असे त्याने विचारले. मी नाही म्हटले. बुडालेले आठवडे नियमानुसार कसे भरून काढता येतील हे विद्यापीठाला लेखी विचारले आहे, आणि उत्तर येईपर्यंत त्याने त्याच गावात, त्याच शेतकऱ्याकडे राहावे असे ठरले. दोन्ही पत्रे आज सकाळी जावक क्रमांक घालून रवाना झाली. 'मुलांना बोलू नये' या विनंतीबद्दल, मी त्यांच्याशी आधी बोलले आहे, एवढे एक वाक्य मी दोन्ही पत्रांत लिहिले. शेतकऱ्याचा दुपारी फोन आला होता: सोयाबीन काढणीला आले आहे, मुलाला सोमवारी सकाळी लवकर पाठवा.