दोनापावलाची फेलोशिप आणि ‘पक्की’ नोकरी

सांतइनेजकर: गोव्यातल्या एम.एस्सी. पोरांनी वेर्ण्याच्या फार्मा कंपन्यांमागे धावणं सोडावं. नेट (संशोधन-फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा) काढा, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पीएचडीला शिरा. महिना ३७,००० आणि पुढे सरकारी नोकरी पक्की.

मांडवीपार: कसली पक्की? ३७,००० ही फेलोशिप, पगार नव्हे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. मुदत ५ वर्षं: २ जेआरएफ (कनिष्ठ फेलो), मग समितीने पास केलं तर ३ एसआरएफ (वरिष्ठ फेलो), ४२,०००वर. आता वयाचा हिशोब मांडा. पंचविशीत नेट काढली तर पीएचडी हातात पडेतो तिशी. सायंटिस्टच्या खुल्या प्रवर्गातल्या जागेला वयोमर्यादा ३२. जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही, आणि निघाली ती भूभौतिकीची, तर रसायनवाल्याने काय करायचं? मधे परदेशी पोस्टडॉकला गेलात तर विषयच संपला.

खारफुटी: वेर्ण्यात क्यूसीला (औषधांच्या गुणवत्ता तपासणीला) बसून आयुष्यभर तेच एचपीएलसी यंत्र चालवणं बरं म्हणायचं तर! इथे संस्थेचं ‘सिंधु साधना’ हे संशोधन जहाज मिळतं. कांदोळीसमोर १९९७ पासूनची मोजणी मिळते. किनाऱ्यालगत ऑक्सिजन संपतो आणि नायट्रस ऑक्साइड वाढतो, हे २००० साली ‘नेचर’मध्ये दोनापावलाच्याच लोकांनी छापलं.

मांडवीपार: जहाजावर पोरं करतात काय? अपरात्री सीटीडी (खोलीनुसार तापमान-क्षारता मोजणारं, पाण्याच्या बाटल्या लावलेलं यंत्र) वर आलं की बाटल्या भरायच्या. हमाली नुसती. ऑक्सिजनचा सेन्सर खाली सोडलेला असतोच की.

खारफुटी: आणि तो सेन्सर कशावर जुळवतात? विंकलरवरच, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायच्या पद्धतीवर! निस्किनमधून (खोलवरचं पाणी आणणाऱ्या बाटलीतून) पहिला नमुना ऑक्सिजनचा. नळी बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी दोन-तीनदा ओसंडू द्यायचं, एक बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनस क्लोराइड, अल्कधर्मी आयोडाइड, लगेच बूच. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढरा राहिला तर जवळपास नाही. हमालाला एवढं जमतं?

कुळागर: जमलं तरी उत्तर चुकतं. पावसाळा सरताना कांदोळीसमोरच्या तळाच्या पाण्यात नायट्राइट असतं. विंकलरमध्ये ऑक्सिजन मोजतात तो मोकळ्या झालेल्या आयोडीनवरून, ते संपवायला किती थायोसल्फेट लागलं ते बघून. नायट्राइटही आयोडीन मोकळं करतं, थायोसल्फेट जास्त लागतं आणि नसलेला ऑक्सिजन दिसतो. आयोडाइडमध्ये सोडियम ॲझाइड घालायचं ते त्यासाठी. उलट सल्फाइड असलं तर आयोडीन खातं, आकडा खाली येतो. वर अभिकर्मकांसोबत थोडी हवा जातेच, म्हणून ब्लँक (अभिकर्मकांचा स्वतःचा वाटा मोजणारी कोरी चाचणी) काढल्याशिवाय शून्याजवळचे आकडे छापू नयेत. निम्मी पोरं ब्लँक टाळतात.

खारफुटी: पोरांना शिव्या नकोत. ब्लँक शिकवणारे किती जण डेकवर येतात ते आधी सांगा.

सांतइनेजकर: अहो, मुद्दा नोकरीचा होता!

मांडवीपार: बरं गुरुजी, विंकलर जिंकलं, ते काम हमालीचं नाही. पण वयात सूट कायम कर्मचाऱ्याला असते, फेलोला नाही. ॲझाइड घालून वय उतरतं का बघा.

खारफुटी: नाही उतरत. ३२चं तेवढं खरं आहे, बाकी तुमची सगळी पोस्ट किरकिर.