‘मे आय’ की ‘कॅन आय’? इंग्रजीत परवानगी मागण्याचे अनुभव

धागाकर्ती:
काल मुलीच्या वहीत ‘मे आय कम इन?’ हे वाक्य दिसले आणि परळच्या मराठी शाळेतला आमचा पाचवीचा वर्ग आठवला. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे (२००० साली ते पहिलीपासून सुरू झाले), त्यामुळे दाराशी उभे राहून म्हणायचे हे वाक्य अर्थ कळण्याआधीच तोंडी बसले होते. ‘कॅन’ म्हणजे केवळ शकणे, असे बाईंनी शिकवल्यामुळे पुढे ऑफिसात कोणी ‘कॅन आय’ म्हटले की मला ते उद्धट वाटे. आपलेही अनुभव लिहावेत.

गिरगावकर:
उद्धट नाही, ताई. ‘कॅन’ रोजच्या बोलण्यातले आणि ‘मे’ औपचारिक, इतकाच फरक. मी अडखळलो ते ‘कुड’पाशी. लंडनच्या एका ग्राहकाने फोनवर ‘कुड आय कॉल यू टुमॉरो?’ असे विचारले, तेव्हा मी तितक्याच अदबीने ‘येस, यू कुड’ म्हणालो. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी विचारले, ‘बट?’ परवानगी मागताना ‘कुड’ नम्र ठरते, पण देताना ‘कॅन’ किंवा ‘मे’ म्हणावे लागते, नाहीतर ‘करता येईल खरे, पण...’ असा सूर लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

डोंबिवली फास्ट:
ठाणे आले, म्हणून थोडक्यात लिहिते. ‘काल मला लवकर जाऊ दिले’ यासाठी मी ईमेलमध्ये ‘आय कुड लीव्ह अर्ली’ लिहिले होते. एकाच प्रसंगी मिळालेल्या परवानगीसाठी ‘वॉज अलाउड टू’ लिहावे, असे वरिष्ठांनी शेजारी बसवून समजावले. त्यांचे उपकार आहेत.

निवृत्त शिक्षिका:
मराठीत ‘येऊ का?’ म्हटले की परवानगी त्या ‘ऊ’मध्येच येते, वेगळे सहायक क्रियापद लागत नाही. म्हणून माझ्या वर्गातली मुले ‘आय कम, टीचर?’ असे विचारत. त्यात उर्मटपणा नव्हता, ती मनातल्या मनात ‘मी येऊ, बाई?’ असेच म्हणत होती. मी दोन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून ‘ऊ’ आणि ‘मे’ यांच्याभोवती खडूने गोल करत असे. आता मात्र ‘मी आत येऊ शकतो का?’ असे मराठीत ऐकू येते, ते फार खटकते.

धागाकर्ती:
बाई, आमच्याकडेही ‘मी टीव्ही बघू शकते का?’ असेच विचारले जाते. आज वहीत ‘मे आय’खाली ‘येऊ का?’ लिहून दोन्हींना गोल करून देते.