बोटुकली सोडूनही नदीतला स्टर्जन का वाढत नाही?

नदीवेडा: युरोपातल्या डॅन्यूब नदीत स्टर्जन या मोठ्या माशाची हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली जातात. रुमानियात २००६ पासून नदीतला स्टर्जन पकडायला बंदीही आहे. तरी संख्या सावरत नाही. नेमकं अडतं कुठे?

तळगोटा: आधी वेळेचा हिशेब बघा. बेलुगा या स्टर्जनच्या जातीची मादी साधारण पंधरा वर्षांनंतर वयात येते आणि पुढेही दरवर्षी अंडी घालत नाही. बंदीनंतर जन्मलेल्या माद्या जेमतेम आत्ता तयार होताहेत. त्यातली एक जरी कॅव्हियारसाठी (खाण्याच्या खारवलेल्या अंड्यांसाठी) चोरून मारली, तरी तिच्या पुढच्या सगळ्या विणी गेल्या.

पण माझ्या मते खरं दुखणं नदीच्या तळाशी आहे. अंडी चिकट असतात. वाहत्या पाण्यात ती स्वच्छ गोट्यांना चिकटतात, आणि बाहेर आलेलं पिल्लू बलक संपेपर्यंत गोट्यांच्या फटींत दडून राहतं. धरणाने पूर अडवला की वाळू-गाळ धुऊन निघत नाही आणि फटी बुजतात. अमेरिकेतल्या कूटनी नदीत लिबी धरणाने १९७२ पासून पाणी अडवलं, तिथे हेच दिसतं. पांढरा स्टर्जन अजूनही अंडी घालतो, पण वाळूवर. ती वाळूखाली गुदमरतात. मोठे मासे दिसत राहतात, म्हणून ऱ्हास लक्षात यायला फार उशीर होतो.

नदीवेडा: मग धरणाला माशांसाठी जिना, म्हणजे वर चढायला पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट, बांधला तर?

तळगोटा: सामन माशासाठीचा जिना चालत नाही. स्टर्जन तळालगत पोहतो, अंगाने अवाढव्य असतो, अडथळे उड्या मारून ओलांडत नाही. डॅन्यूबवरच्या आयर्न गेटच्या दोन धरणांवरून (१९७२, १९८४) त्याला अंडी घालायला वर नेलं, तरी परतीच्या वाटेवर टर्बाइन आहेत. प्रवाहाबरोबर खाली येणारी पिल्लंही जलाशयाच्या संथ पाण्यात अडकतात.

बीजकेंद्र: हॅचरीतही चुका होतात. फलित अंडी चिकणमातीच्या गढूळ पाण्यात सतत ढवळून चिकटपणा घालवावा लागतो. नाहीतर गठ्ठे होतात, आतल्या अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही, ती मरतात आणि बुरशी चांगल्या अंड्यांवर पसरते. मोजक्याच माद्यांची पिल्लं वर्षानुवर्षं सोडली तर आनुवंशिक वैविध्य आटतं. शेततळ्यातले संकरित मासे तर नदीत कधीच सोडू नयेत.

सोडलेल्या प्रत्येक माशाला खूण हवीच. अंडी पडतात का हे बघायला विणीच्या जागी तळाशी जाडसर, खरखरीत चटया टाकतात. चटयांवर अंडी सापडली, पण जाळ्यात बिनखुणेची, म्हणजे नदीतच जन्मलेली, लहान पिल्लं आलीच नाहीत, तर अडचण अंडी पडल्यानंतरच्या टप्प्यात आहे. अशा नदीत आणखी बोटुकली ओतण्याआधी त्या जागी गोटे घाला आणि विणीच्या हंगामात धरणातून पाणी सोडा.