आयबीएमचा इतिहास : मोठेबाबांना वाचून दाखवण्याजोगी पुस्तकं कोणती?

आर्वी_वाचक

नमस्कार मंडळी,

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो आणि गावच्या ग्रंथालयाचं कामही पाहतो. यंदाच्या खरेदीत दोन-तीन पुस्तकं माझ्या पसंतीनं घ्यायची मुभा मिळाली आहे, म्हणून विचारून राहिलो.

माझे मोठेबाबा रेल्वेच्या मुंबईतल्या हिशेब ऑफिसात नोकरीला होते. आधी पंच कार्डांवर (भोकं पाडून माहिती नोंदवायची जाड कागदाची कार्डं) काम, मग आयबीएम या अमेरिकी कंपनीचा १४०१ हा संगणक आला. निवृत्तीनंतर ते गावी परतले. आता डोळ्यांनी वाचवत नाही, पण आठवण पक्की आहे. संध्याकाळी ओट्यावर बसले की सांगतात : कार्डाचा एक कोपरा कापलेला असे, गठ्ठ्यावरून बोट फिरवलं की उलटं घुसलेलं कार्ड लगेच कळायचं. गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं तिरपी रेघ मारून ठेवायचे, म्हणजे कार्डं सांडली तरी रेघ जुळवून क्रम लावता येई. हे सगळं मी वहीत उतरवून घेतो.

त्यांचा एक प्रश्न मात्र माझ्याकडून सुटत नाही. "एवढी मोठी कंपनी, साऱ्या देशात तिच्या मशिनी, मग अठ्ठ्याहत्तरमध्ये गेली काहून?" मी सांगितलं, जॉर्ज फर्नांडिस मंत्री होते, त्यांनी घालवली. ते म्हणाले, "एवढंच नसंल."

नेटवर शोधलं तर यशाची सूत्रं सांगणारी पुस्तकंच पुढं येतात. ती नकोत. कंपनी कशी उभी राहिली, आत काय चाललं होतं आणि भारतातून का गेली, हे खरंखुरं सांगणारं पुस्तक हवं. इंग्रजी असलं तरी चालेल. मी हळूहळू वाचतो आणि त्यांना मराठीतून सांगतो. नंतर पुस्तक गावातल्या कॉलेजच्या पोरांच्याही उपयोगी पडावं.

---

पुलगावचा_दुरुस्तीवाला

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझी उभी नोकरी संगणक दुरुस्तीत गेली आणि या विषयावरची पुस्तकं मी अजूनही जमवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक हाती घेतलं की मी आधी पाहतो, लिहिणारा कुठं उभा होता. मालकाच्या खुर्चीत, कारखान्यात, की बाहेर कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात? तिघांनाही वेगळं दिसतं. एकाच पुस्तकावर विसंबलं की तेवढीच एक बाजू हाती लागते.

मोठेबाबांना वाचून दाखवायला मी थॉमस वॉटसन ज्युनियर यांचं ‘फादर, सन अँड कंपनी’ निवडीन. पीटर पेट्रे या पत्रकारासोबत लिहिलेलं, १९९० सालचं. हा मालकाच्या खुर्चीतला माणूस, पण स्वतःच्या घराविरुद्ध बोलतो. त्यांचे वडील, थोरले वॉटसन, १९१४ मध्ये कंपनीत आले तेव्हा तिचं नाव आयबीएम नव्हतंच. १९११ मध्ये काही कंपन्या जोडून ती तयार झाली होती आणि तराजू, हजेरीची घड्याळं, आकडे जुळवणारी टॅब्युलेटर यंत्रं असा माल विकत होती. आयबीएम हे नाव १९२४ मध्ये आलं. बापलेकांची भांडणं तर पानापानांत आहेत. १९५६ मध्ये बापानं मुलाच्या हाती कारभार दिला आणि काही आठवड्यांतच ते गेले. पुढं ७ एप्रिल १९६४ ला सिस्टिम/३६० जाहीर झालं. लहानमोठ्या सगळ्या मशिनींवर एकच प्रोग्राम चालावा, अशी ती कल्पना होती. कंपनीनं त्यात अफाट पैसा ओतला, उत्पादन रखडलं आणि त्याचा ठपका धाकट्या भावावर, डिकवर आला. भावाची कारकीर्द आपल्या हातून मोडली याचं दुःख वॉटसननी स्वतः लिहिलं आहे. हा भाग तुमच्या घरी ऐकायला बसणाऱ्या प्रत्येकाला भिडेल, मशीन कळो न कळो.

दुसरं, इमर्सन प्यू यांचं ‘बिल्डिंग आयबीएम’, १९९५. प्यू कंपनीतलेच संशोधक, म्हणून मशिनीचं सांगतात ते नेमकं असतं. हर्मन होलेरिथची पंच कार्ड यंत्रं १८९० च्या अमेरिकी जनगणनेत कशी वापरली, तिथून सुरुवात. ८० रकान्यांचं कार्ड १९२८ चं. मोठेबाबांनी आयुष्यभर हाताळलं ते हेच.

१९९३ मध्ये आयबीएमचे प्रमुख झालेले गर्स्टनर, त्यांचं ‘हू सेज एलिफंट्स कान्ट डान्स?’ सगळीकडं दिसेल. चांगलं आहे, पण ते त्यानंतरच्या काळाचं. तुमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही.

आणि एडविन ब्लॅक यांचं २००१ चं ‘आयबीएम अँड द होलोकॉस्ट’ विसरू नका. कंपनीच्या जर्मन शाखेची पंच कार्ड यंत्रं नाझी राजवटीनं कशी वापरली, याचा तो शोध आहे. त्यातल्या निष्कर्षांवर इतिहासकारांत वाद आहेत, तरी वाचायलाच हवं. ज्या कार्डावर रेल्वेचा पगार निघतो त्याच कार्डावर माणसांची वर्गवारीही करता येते, हे पोरांना कळायला पाहिजे.

आता अठ्ठ्याहत्तरचं. मोठेबाबा बरोबर म्हणतात, तेवढंच नव्हतं. १९७३ चा परकी चलन नियमन कायदा, ज्याला सगळे ‘फेरा’ म्हणत, त्यानं बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमनं मधले मार्ग सुचवले, पण संपूर्ण मालकीचा आग्रह सोडला नाही. ही बोलणी इंदिरा गांधींच्या सरकारच्या काळातच सुरू होती. जनता सरकार १९७७ मध्ये आलं आणि शेवट त्यांच्या काळात झाला. शिवाय दुसरी नाराजी होती. १४०१ हे मशीन अमेरिकेत १९५९ मध्ये जाहीर झालेलं. आपल्याकडं तसली वापरलेली, दुरुस्त केलेली मशिनं सत्तरच्या दशकातही भाड्यानं चालत होती. संसदेच्या लोकलेखा समितीनं १९७५-७६ मध्ये सरकारी खात्यांतल्या संगणकीकरणावर अहवाल दिला, त्यात यावर कडक टीका आहे. जोसेफ ग्रीको यांचं १९८४ चं ‘बिटवीन डिपेंडन्सी अँड ऑटोनॉमी’ हे पुस्तक या सगळ्या वाटाघाटींवरच आहे. अभ्यासकी भाषा आहे, पण तुम्हाला हवं ते उत्तर तिथं मिळेल. सोपं हवं असेल तर दिनेश शर्मा यांचं ‘द लाँग रिव्होल्यूशन’, २००९ चं.

---

वऱ्हाडी_अकोट

काकाजी, एक सांगतो, राग मानू नका. गर्स्टनरचं पुस्तक तुम्ही दोन ओळीत बाजूला ठेवलं, ते मले पटलं नाही. मी ते अकोल्याला शिकत असताना वाचलं. इंग्रजी सोपी आहे, वाक्य लहान आहेत. कंपनीचे तुकडे पाडून वेगळे करायचं ठरत आलं होतं आणि हा बिस्किट-सिगारेटच्या कंपनीतून आलेला माणूस म्हणते, तुकडे नाही पाडायचे. १९९३ मध्ये कंपनीचा तोटा ८ अब्ज डॉलरच्या घरात होता. तशात असा निर्णय घेणं सोपं आहे का? ग्रंथालयात कॉलेजचे पोट्टे येतात, त्यायले हे पुस्तक हातातून सोडवणार नाही. मोठेबाबांसाठी वॉटसन घ्या, पोट्ट्यांसाठी हे घ्या.

---

पुलगावचा_दुरुस्तीवाला

राग कशाचा बेटा. कॉलेजच्या पोरांसाठी घ्यायचं असेल तर तुझं म्हणणं मान्य. फक्त एक ध्यानात ठेवायला सांग त्यांना : तो स्वतःच्याच निर्णयांची साक्ष देतो आहे. त्याच काळाबद्दल जेम्स कोर्टाडा काय म्हणतात तेही पाहायला लाव. त्यांचा आयबीएमचा मोठा इतिहास २०१९ मध्ये एमआयटी प्रेसनं काढला, आरंभापासून अलीकडपर्यंतचा. कोर्टाडाही कंपनीत नोकरी केलेलेच, पण पेशानं इतिहासकार.

---

चांदूरच्या_बाई

आर्वीच्या दादा, मी चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातली, कॉलेजात संगणकशास्त्र शिकवते. दोन पुस्तकं माझ्याकडून.

पहिलं आयबीएमचं नाही, तरी सांगते. ट्रेसी किडर यांचं ‘द सोल ऑफ अ न्यू मशीन’, १९८१. डेटा जनरल नावाच्या कंपनीत काही तरुण इंजिनिअर नवीन मिनी संगणक बनवत होते आणि हा लेखक त्यांच्यात जाऊन बसला. १९८२ चं पुलित्झर मिळालं त्याला. मी वर्गात त्यातले उतारे वाचते, कारण कंपनी म्हणजे नफा-तोट्याचे तक्ते नसून रात्री जागून चूक शोधणारी माणसं असतात, हे पोरींना त्यातून दिसतं. दुसरं, फ्रेड ब्रुक्स यांचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’, १९७५. काकाजींनी ३६० चं सांगितलं ना, त्याच्या सॉफ्टवेअरचं काम ब्रुक्स सांभाळत होते. ते काम का रखडलं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं लावली की उशीर वाढतोच, हे त्यांचं निरीक्षण आम्ही आजही शिकवतो.

भारताच्या बाजूनं रॉस बॅसेट यांचं ‘द टेक्नॉलॉजिकल इंडियन’, २०१६, हेही पाहा. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेल्या भारतीयांचा तो इतिहास आहे आणि त्याची सुरुवात पुण्यातून होते. टिळकांच्या वर्तुळातल्या ‘मराठा’ साप्ताहिकानं १८८० च्या दशकातच एमआयटीची दखल घेतली होती. तिथून तो टाटा कन्सल्टन्सीपर्यंत येतो. मराठीत अच्युत गोडबोले यांचं आत्मचरित्र ‘मुसाफिर’ घ्या. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्या आतून कशा चालत, ते त्यात मोकळेपणानं आलं आहे.

मिळवायचं कसं? नवं विकत घेणं महाग पडतं, म्हणून आधी इंटरनेट आर्काइव्हवर खातं काढा. फुकट आहे. जुनी पुस्तकं थोड्या वेळासाठी उसनी वाचता येतात. दोन प्रकरणं वाचून मग खरेदी ठरवा. लोकलेखा समितीचे अहवाल संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात शोधा.

आणि कृपा करून एक करा. कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं १४०१ ची मशिनं दुरुस्त करून पुन्हा चालू केली आहेत. त्यांचे व्हिडिओ आहेत. मिनिटाला ६०० ओळी छापणारा तो १४०३ प्रिंटर मोठेबाबांना मोठ्या आवाजात ऐकवा. त्याच संग्रहालयानं जुन्या कामगारांच्या, इंजिनिअरांच्या सविस्तर मुलाखती उतरवून ठेवल्या आहेत, त्या फुकट वाचता येतात. प्रश्न कसे विचारतात ते पाहा आणि तसेच मोठेबाबांना विचारा. मशीन बिघडलं की कोण यायचं? रात्रपाळी असे का? कार्डं पंच करायला बाया होत्या का? कंपनी गेल्यावर दुरुस्ती कुणी केली? वर सांगितलेली सगळी पुस्तकं मालकांनी, इंजिनिअरांनी, पत्रकारांनी, प्राध्यापकांनी लिहिली आहेत. रेल्वेच्या कारकुनानं लिहिलेलं त्यात एकही नाही. तुमची वही म्हणून जपा.

---

आर्वी_वाचक

बाई, काकाजी, अकोटचे भाऊ, तिघांचेही आभार.

काल १४०३ चा आवाज ऐकवला. मोठेबाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "झाकण उघडं ठेवून चालवून राहिले, आमच्याकडं साहेब ओरडला असता." बाईंचे प्रश्नही विचारले. कार्डं पंच करायला बाया होत्या, आणि कंपनी गेल्यावर दुरुस्तीला सीएमसीची माणसं येऊ लागली, असं त्यांनी सांगितलं.

खरेदीत वॉटसन, शर्मा आणि गर्स्टनर ही तीन टाकतो. ग्रीको आधी आर्काइव्हवर शोधतो. काकाजी, सीएमसीबद्दल थोडं सांगाल का?

---

पुलगावचा_दुरुस्तीवाला

कम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, सरकारी कंपनी. आयबीएम गेल्यावर देशभरातल्या तिच्या मशिनींची देखभाल सीएमसीकडं आली आणि आयबीएममधली बरीच माणसंही तिकडं गेली. काहींनी स्वतःची वेगळी कंपनी काढली. सीएमसीनं पुढं रेल्वेचं संगणकीय आरक्षण उभारलं, दिल्लीत ते १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालं. २००१ मध्ये सरकारनं ती टाटांना विकली, २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. आयबीएम स्वतः १९९२ मध्ये परत आली, तीही टाटांशी भागीदारी करून. शर्मांच्या पुस्तकात हा धागा सापडेल.

वॉटसनचं पुस्तक माझ्याकडं आहे. खरेदी होईपर्यंत नेऊन वाचा. पुलगाव तुम्हाला दूर नाही, येण्याआधी इथं निरोप टाका.